राखेपासून मसाल्यापर्यंत

जून २०२४ मध्ये मी नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे धर्मभगिनी होण्याआधीच्या शिकवणीच्या घरात, पाऊल ठेवले तेव्हा वसईत पावसाने जोर धरला होता आणि कॉन्व्हेंटच्या मागची वाडी गुडघाभर पाण्यात होती. ज्या कामांमुळे ते वर्ष माझ्या लक्षात राहिले, ती मात्र सगळी फेब्रुवारी संपता संपता सुरू झाली. तोवर आंब्यांचा मोहोर गळून बोराएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या, पांगाऱ्यावर पानांचा पत्ता नसताना लाल फुले आली होती, आणि कोकिळ पहाटे साडेचारलाच, म्हणजे आमच्या पाचच्या घंटेच्याही आधी, ओरडायला लागला होता. फलकावर ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाच्या कामांची यादी लागली, त्यात माझ्या नावापुढे ‘सॅक्रिस्टी आणि ओस्ती’ असे लिहिले होते, म्हणजे पूजेचे साहित्य ठेवायची खोली आणि मिस्सेत अर्पण होणारी पिठाची पातळ चकती.

धर्मभगिनी होण्याची वाट किती लांब असते याची बाहेरच्या वाचकांना सहसा कल्पना नसते, म्हणून थोडे सांगते. चर्चच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे नोव्हिशिएट निदान बारा महिन्यांचे असावे लागते आणि ते बारा महिने नोव्हिशिएटच्या घरातच काढावे लागतात. सलग किंवा तुटक मिळून तीन महिन्यांहून अधिक गैरहजेरी झाली तर ते वर्ष धरलेच जात नाही, आणि पंधरा दिवसांहून अधिक झाली तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात. त्यानंतर तात्पुरती व्रते घ्यायची, ती साधारणपणे तीन ते सहा वर्षांसाठी, आणि मग आजीवन व्रते. थोडक्यात, ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी मी कुणाची शिक्षिका नव्हते, परिचारिका नव्हते, समाजसेविकाही नव्हते. घरात राहून घरातली कामे आणि प्रार्थना शिकणे एवढेच माझे काम होते. मी बी. कॉम. होऊन आणि दोन वर्षे नोकरी करून आलेली मुलगी असल्यामुळे हे ‘एवढेच’ मला सुरुवातीला फार खटकत असे.

उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, २०२५ मध्ये ५ मार्चला आला. त्या दिवशी कपाळाला लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, पण ती प्रत्यक्ष कोण करते आणि कशी करते याचा विचार मी कधी केला नव्हता. लोकांनी वर्षभर देव्हाऱ्यात, दारावर, भिंतीवरच्या क्रुसामागे खोचून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या आदल्या रविवारी टोपलीत आणून टाकल्या होत्या. सोमवारी दुपारी मी त्या घमेल्यात जाळल्या, निखारे विझल्यावर खलबत्त्यात कुटल्या, मलमलीच्या फडक्यातून चाळल्या, आणि राख कपाळाला नीट चिकटावी म्हणून तिच्यात पाणी घालून छान काळी लुकदी केली. मला माझ्या कामाचे कौतुक वाटत होते. सॅक्रिस्टीच्या मोठ्या सिस्टरांनी, ज्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते, त्या लुकदीत बोट बुडवले, चिमटीत चोळले आणि म्हणाल्या, “पोरी, हे कुणाच्या कपाळाला लावू नकोस, कातडी भाजेल. पापडाला खार कशाचा करतात, तुझ्या आईने सांगितले नाही का?”

खरोखरच त्यांचे बरोबर होते. झाडपाल्याच्या राखेत पाणी पडले की तिचा क्षार सुटतो, म्हणून तर पूर्वी राखेने भांडी घासत आणि केळीच्या राखेचे पाणी पापडाच्या पिठात घालत. तीच लुकदी कपाळावर तासभर राहिली तर लहान मुलांच्या त्वचेवर लाल चट्टे उठू शकतात. माझी सगळी लुकदी बागेत आळ्यात गेली, उरलेल्या झावळ्या मी मंगळवारी पुन्हा जाळल्या, आणि या वेळी कोरड्या राखेत खोबरेल तेलाचे अगदी दोन-तीन थेंब घालून ती बोटाला धरेल इतपतच दमट केली. बुधवारी फादरांनी तीच राख कपाळावर लावून तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील याची आठवण करून दिली, तेव्हा माझ्या डोक्यात खरे सांगायचे तर पापडखारच घोळत होता.

उपवासाचे नियम तसे सौम्य आहेत. राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे काहीतरी, तेही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठीत न पोहोचलेल्यांपर्यंत; शुक्रवारी मांस वर्ज्य, ते चौदा वर्षांपुढच्या सर्वांना. मला हे फारच कमी वाटले, म्हणून पहिल्या आठवड्यात कुणाला न सांगता मी रात्रीचे जेवण सोडायला सुरुवात केली. चौथ्या रात्री आम्हा नोव्हिसांना, म्हणजे शिकाऊ भगिनींना, शिकवणाऱ्या नोव्हिस मिस्ट्रेस सिस्टर माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझ्या ताटात त्यांनी स्वतः भात आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी वाढली, आणि मौनाची वेळ संपल्यावर एवढेच म्हणाल्या की ताटात पडेल ते, पडेल तेवढे आणि सगळ्यांबरोबर खाणे हाच माझा उपवास आहे, दुसरा मला नेमून दिलेला नाही. मला राग आला होता, हे मी इथे कबूल करते. घरी उपाशी राहिले की आई काळजी करायची आणि आजी कौतुक करायची. इथे त्या उपाशी राहण्याला काहीच किंमत नव्हती. पुढचे पाच आठवडे मला ज्याचा खरा त्रास झाला ते खाणे नव्हतेच, तर प्रत्येक बारीकसारीक काम दुसऱ्याच्या नजरेखाली, दुसऱ्याच्या पद्धतीने आणि सांगितले तितक्या वेळा पुन्हा करणे, हे होते.

त्याचा सगळ्यात मोठा धडा ओस्तीच्या खोलीत मिळाला. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीत, अर्पण होणारी ओस्ती फक्त गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची असावी लागते. मीठ, खमीर, साखर, दूध यांपैकी काहीही चालत नाही, आणि ती ताजी असावी लागते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आसपासच्या काही देवळांसाठी, म्हणजे चर्चसाठी, ओस्त्या होतात, त्यामुळे ईस्टरच्या आधीच्या तीन आठवड्यांत ती खोली जवळजवळ रोज चालू असते. काम दिसायला घावन घालण्याइतके सोपे आहे. मैदा चाळून घ्यायचा, थंड पाण्यात गुठळी न होऊ देता घावनाच्या पिठापेक्षा किंचित पातळ कालवायचा, तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांपैकी खालच्या पाटीवर मधोमध पळीभर ओतायचा आणि वरची पाटी दाबून बंद करायची. वाफ कडेने सूं करून निघते, पीठ कडांपर्यंत पसरते, आणि मिनिटभरात कागदासारखी पांढरी पापडी सुटून येते, जिच्यावर पाटीत कोरलेला क्रूस उमटलेला असतो.

पीठ घट्ट झाले तर पापडी जाड होते आणि जिभेवर विरघळत नाही. पातळ झाले तर मध्ये जाळी पडते. पाटी जास्त तापली तर कडा तपकिरी होतात, कमी तापली तर पापडी चिकटून फाटते. हे सगळे पहिल्याच दिवशी माझ्या हातून घडले, आणि नेमके याच क्रमाने. त्याहून अवघड भाग पुढचा आहे, कारण ताजी पापडी इतकी ठिसूळ असते की तशीच कापायला घेतली तर तिचा चुरा होतो. म्हणून ती रात्रभर ओलसर फडक्यांच्या थरांत मुरवत ठेवतात, आणि सकाळी ती वाकेल पण चिकटणार नाही अशा अवस्थेत आली की हातयंत्राच्या गोल पात्याखाली एकावर एक काही पापड्या ठेवून ओस्त्या कापतात. पावसाळ्यात वसईच्या दमट हवेत फडकी लागतही नाहीत. मार्चमध्ये मात्र दुपारचा कोरडा वारा सुटला की दोन तासांत सगळे कडकडीत होते. फडके किती पिळायचे हे आकड्यात सांगता येत नाही. मोठ्या सिस्टर ते पिळून माझ्या गालाला लावत आणि म्हणत, “इतके.” मग मी पिळलेले स्वतःच्या गालाला लावून बघत, मान हलवत आणि परत देत. गालावरचा तो गारवा ओळखायला मला नऊ दिवस लागले.

कापलेल्या ओस्त्या चाळणीतून काढून चुरा वेगळा करायचा, मग टेबलावर पसरून डागाळलेल्या, चिरलेल्या, दुमडलेल्या निवडून टाकायच्या. हे काम आम्ही तिघी नोव्हिस बसून न बोलता करत असू. उरलेली कातरण, म्हणजे गोल कापून झाल्यावर राहणारी जाळीदार पापडी, शाळेतल्या मुलांची हक्काची असते, ती अर्पण केलेली नसल्यामुळे खायला कसलीच अडचण नसते, आणि मधल्या सुट्टीत खिडकीखाली “सिस्टर, कातरण!” असा पुकारा सुरू होतो. शाळेत त्या दिवसांत दहावीची परीक्षा चालू होती, त्यामुळे आमच्या शिक्षिका सिस्टर सकाळी पर्यवेक्षणाला जात आणि संध्याकाळी डोके धरून परत येत. त्यांच्यासाठीही एक डबा भरून कातरण बाजूला ठेवलेली असे.

कपड्यांचे काम मला त्यामानाने आवडले. वेदीवरची लहान तागाची वस्त्रे, ज्यांनी पात्र पुसतात किंवा ज्यांच्यावर ओस्ती ठेवतात, ती इतर धुण्यात कधी मिसळत नाहीत. त्यांचे पहिले पाणी गटारात सोडत नाहीत, ते जमिनीत मुरावे लागते, म्हणून आमच्याकडे ते मोगऱ्याच्या आळ्यात ओततात. त्यानंतरच साबण, मग भाताच्या पेजेची खळ, आणि किंचित ओली असतानाच इस्त्री. वर्षाची सगळी पांढरी वस्त्रे ईस्टरसाठी काढून धुवायची म्हणजे दोऱ्या अपुऱ्या पडतात, आणि त्यात शेजारच्या वाडीतली केळीची वाळकी पाने उडून येऊन चिकटतात. विहिरीचे पाणी एव्हाना तीन पायऱ्या खाली गेलेले होते. आमच्या गावातली बावखले, म्हणजे वाड्यांमधली छोटी तळी, एकेक करून बुजवून त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्यापासून विहिरी एप्रिलच्या आधीच ओढ धरतात, असे मोठ्या सिस्टर प्रत्येक धुण्याला म्हणत आणि त्यात त्यांची अतिशयोक्ती नव्हती.

मधले सण झपाट्याने गेले. धूलिवंदन १४ मार्चला, नेमके शुक्रवारी आले, त्यामुळे संध्याकाळी ‘क्रुसाची वाट’ या प्रार्थनेला आलेल्या मुलांपैकी निम्म्यांचे कान गुलाबी होते आणि चौदा स्थानांपाशी गुडघे टेकताना त्यांनी फरशीवरही तो रंग ठेवला. १९ मार्चला संत योसेफाचा सण असल्यामुळे त्या दिवशी जेवणात शिरा मिळाला. ३० मार्चला गुढीपाडवा आणि उपवासकाळाचा चौथा रविवार एकाच दिवशी आले. त्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालता येतो आणि वेदीवर फुलेही ठेवता येतात. आमच्या फुलांमध्ये शेजारच्या काकूंनी पाडव्याच्या तोरणातून उरलेला झेंडू आणून दिला होता.

पास्काची मेणबत्ती हे माझ्यासाठी शेवटचे आणि सगळ्यात घाबरवणारे काम होते. ती दर वर्षी नवी असते. तिच्यावर क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा ही ग्रीक अक्षरे आणि क्रुसाच्या चार कोनांत त्या वर्षाचे चार आकडे असतात, आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत धर्मगुरू तिच्यात धूपाचे पाच दाणे खोवतात. आमच्या धर्मग्रामाच्या देवळासाठीची मेणबत्ती आमच्याच सॅक्रिस्टीत सजवली जाते. लाल मेणाच्या पातळ पत्र्यातून ब्लेडने आकडे कापून ते अंगठ्याच्या उबेने दाबून चिकटवायचे असतात, पण एप्रिलच्या दुपारी तो पत्रा हातातच मऊ पडत होता. ‘२०२५’ मध्ये दोन ‘२’ येतात आणि ते एकसारखे दिसले पाहिजेत. माझा पहिला ‘२’ कापताना लांबला, दुसरा चिकटवताना घसरला. मोठ्या सिस्टरांनी माठातल्या पाण्याने स्टीलचे ताट गार करून आणले आणि कापलेले आकडे आधी त्याच्यावर ठेवायला लावले, तेव्हा काम जमले. तरी खालचा ‘२’ किंचित उजवीकडे कललेला राहिला तो राहिलाच. तो काढून पुन्हा करू का, असे मी विचारले. त्यांनी मेणबत्तीकडे डोळे बारीक करून बघितले आणि त्या म्हणाल्या, “राहू दे. आता मेण दुखवू नकोस.” महिन्याभरात त्यांनी माझे पहिल्या प्रयत्नातले काम स्वीकारले ते एवढेच.

पवित्र गुरुवारी, १७ एप्रिलला, संध्याकाळच्या मिस्सेत गौरवगीत झाल्यावर घंटा बंद झाल्या आणि त्यांच्या जागी शनिवारी रात्रीपर्यंत लाकडी खटखट्या आला. मिस्सेनंतर वेदीवरची सगळी वस्त्रे काढून तिला उघडी करण्याचे काम आम्हा नोव्हिसांचे होते. मध्यरात्रीपर्यंत पवित्र संस्कारापुढे, म्हणजे अर्पण झालेल्या ओस्तीपुढे, जागर होता आणि माझी पाळी अकरा ते बारा अशी लागली होती. तो तास मी जागी होते, पण प्रार्थना करत होते असे म्हणवत नाही, कारण मोगऱ्याच्या वासाने आणि थकव्याने माझे डोके पुन्हा पुन्हा पुढे झुकत होते. दुसऱ्या दिवशी पेज आणि मीठ लावलेली कैरी, दुपारी तीनचा विधी, क्रुसाचे चुंबन घ्यायला लागलेली लांबच लांब रांग आणि परतल्यावर घरभर पसरलेली शांतता. शनिवारी रात्री देवळाबाहेर होळीसारखा विस्तव पेटला, समुद्राकडच्या वाऱ्याने मेणबत्तीची ज्योत दोनदा विझवली, तिसऱ्यांदा ती टिकली, आणि अंधाऱ्या देवळात शिरताना मला फक्त तो कललेला ‘२’ दिसत होता. जुन्या करारातली सात वाचने झाली, घंटा सुटल्या, चाळीस दिवस न म्हटलेले ‘आलेलुया’ गायला सगळ्यांचाच सूर थोडा वर लागला.

ईस्टरच्या दिवशी, २० एप्रिलला, आई-बाबा फुगे (पिठाचे तळलेले गोळे) आणि इंद्याल (मांसाचे तिखट कालवण) घेऊन आले. त्यांना तासभर भेटता आले. त्या वर्षी पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चचा ईस्टर एकाच दिवशी होता, हे बाबांना कुठेतरी वाचून कळले होते आणि ते त्यांनी तीनदा सांगितले. दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्ही सगळ्या टीव्हीपुढे बसलो. पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या गॅलरीत आले, आवाज अगदी क्षीण होता, पण त्यांनी आशीर्वाद दिला.

ईस्टरनंतरचा सोमवार आमचा सुट्टीचा दिवस. वर्षातून एकदा त्या दिवशी सगळ्या घराला कुलूप लावून राजोडीच्या किनाऱ्यावर जायचे, सुरूच्या सावलीत जेवायचे आणि म्हाताऱ्या सिस्टरांनीही पाय ओले करायचे, अशी रीत आहे. सव्वा एकच्या सुमारास आम्ही डबे उघडत असताना कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदरच्या फोनवर संदेश आला की पोप फ्रान्सिस सकाळीच वारले. कुणीच काही बोलले नाही. मग सर्वांत धाकट्या नोव्हिसने डब्याचे झाकण परत लावले, तो खट असा आवाज मला अजून ऐकू येतो. घरी परतलो तेव्हा चॅपेलच्या फरशीवर सगळीकडे वाळू झाली. पास्काची मेणबत्ती वेदीजवळ ईस्टरच्या आनंदासाठी पेटवतात आणि अंत्यविधीत शवपेटीजवळही तीच पेटवतात, हे मी पाठ केले होते; त्या दुपारी चॅपेलातल्या आमच्या लहान मेणबत्तीशेजारी त्यांचा फोटो ठेवला आणि एकाच ज्योतीपुढे दोन्ही प्रार्थना झाल्या. सांत्वनाला म्हणून बाजूच्या गल्लीतले एक मुस्लिम दुकानदार संध्याकाळी आले आणि दारातच उभे राहून गेले, हेही नोंदवून ठेवते.

शनिवारी, २६ तारखेला, त्यांची अंत्यक्रिया आम्ही टीव्हीवर पाहिली, आणि सोमवारपासून मसाल्याचे काम लागले, कारण मे उजाडला की हवेत दमटपणा येतो आणि मिरची सादळते. काश्मिरी मिरच्या, धणे, तीळ, खसखस, मोहरी, जिरे, हरभऱ्याची डाळ आणि थोडे गहू असे सगळे गच्चीवर उन्हात वाळले. भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर घ्यावा लागतो, कारण तीळ आणि धणे एकत्र टाकले तर एक जळतो आणि दुसरा कच्चा राहतो. पूर्वी बायका उखळाभोवती उभ्या राहून गाणी म्हणत कुटत. आता डंकावरून कुटून आणतो, त्यामुळे गाणी गेली आणि शिंका राहिल्या. दोन दिवस सायंप्रार्थनेत स्तोत्राच्या प्रत्येक ओळीला कुणीतरी शिंकत होते.

उपवासकाळात थांबलेली गावातली लग्ने एव्हाना सुरू झाली होती. मंगळवारी संध्याकाळी आम्ही तपकिरी बाटल्यांत मसाला काठीने ठोकून ठोकून भरत असताना लग्नाआधी विहिरीचे पाणी आणायला निघणारी ‘उंबराच्या पाण्याची’ वरात बँड वाजवत आमच्या फाटकावरून विहिरीकडे गेली. नवरी माझ्या मामेबहिणीची मैत्रीण होती. मी खिडकीपर्यंत गेले, हातभर मसाल्यासकट तिला हात केला आणि परत येऊन काठी उचलली. एकोणीस बाटल्या भरल्या. मोठ्या सिस्टरांनी चिठ्ठ्या आणि पेन माझ्याकडे सरकवून तारीख घालायला सांगितले. मी लिहीत गेले आणि त्या चष्मा वर करून प्रत्येक चिठ्ठी बघत गेल्या. सातव्या बाटलीपाशी त्यांनी बोट ठेवले. ‘२०२५’ मधला दुसरा ‘२’ उजवीकडे कलला होता.